लातुरातला सरांचा सकाळचा फिजिक्स क्लास: अकरावी सायन्सला जाणाऱ्यांसाठी माझा पूर्ण अनुभव

दहावीचा निकाल लागला की लातुरात रूम बघायला, क्लास बघायला गर्दी सुरू होते, नांदेड, परभणी, बीड, धाराशिव सगळीकडून लेकरं येतात. दोन वर्षांपूर्वी त्या गर्दीत मी पण होते आणि तेव्हा मला नीट सांगणारं कुणीच नव्हतं, जो तो म्हणायचा मोठ्या क्लासला टाका, नंबर लागतो. आता माझी बारावी झाली, म्हणून ज्या क्लासमुळं मला फिजिक्स यायला लागलं त्याच्याबद्दल सविस्तर लिहितेय. क्लास कसाय हे तर सांगतेच, पण तिथं जे शिकले ते क्लास न लावता पण घरी करता येतं, ते पण सांगते, कारण प्रत्येकाला लातूरला राहायला परवडत नाही हे मला माहितीय.

आधी माझं सांगते, म्हणजे कुणाला किती लागू पडेल ते कळेल. मी औसा तालुक्यातल्या खेड्यातली, दहावीपर्यंत पूर्ण मराठी मिडीयम, सायन्सला ९१ मार्क होते. घरी शेती, सोयाबीन आणि तूर. लातूरला मावशीकडं राहिले म्हणून रूमचा खर्च वाचला. गावाकडं जायला एसटीचा मुलींचा फुकटचा पास होता, बारावीपर्यंतच्या खेड्यातल्या मुलींना मिळतो तो, ज्यांनी काढला नसेल त्यांनी काढून घ्या, शाळा-कॉलेजातून फॉर्म भेटतो.

पहिले अडीच महिने मी एका मोठ्या क्लासला होते. नाव घेत नाही, तिथं शिकून मेडिकलला गेलेली लेकरं मला स्वतःला माहितीयत आणि तिथले सर वाईट शिकवायचे असं पण नाही. हॉलमधी दोनशेच्या वर पोरं, माईक, मोठा पडदा, मी मागून चौथ्या बाकावर. माझ्याकडं चार रंगांचे पेन होते, व्हेक्टरचा (जिला आकडा आणि दिशा दोन्ही असतात अशा राशीचा) धडा मी इतका सुंदर उतरवून घेतला होता की मैत्रिणी माझ्या वहीचे फोटो काढून घ्यायच्या. सर फळ्यावर गणित सोडवायचे आणि मला प्रत्येक स्टेप कळायची, अगदी प्रत्येक, मान हालत राहायची. मग पहिली युनिट टेस्ट झाली आणि २५ पैकी ६ मार्क पडले. नदी ओलांडणाऱ्या नावेचं गणित होतं, नाव ४ मीटर पर सेकंदनं सरळ समोर चाललीय, पाणी ३ नं बाजूला ओढतंय, तर नाव खरी किती वेगानं आणि कोणत्या बाजूला जाईल. हेच गणित वहीत निळ्या पेननं लिहिलेलं होतं, उत्तराला चौकट पण केलेली होती. पेपरात मात्र पेन कुठून टेकवावं तेच कळंना. मी त्या रात्री मावशीच्या घरी लई रडले, मला वाटलं मराठी मिडीयमच्या लेकरांचं हे कामच नाही, आर्ट्सला जावं.

मावशीच्या शेजारच्या काकूंची मुलगी सरांकडं शिकून गेलेली होती, ती म्हणली एकदा जाऊन तर बघ. सर ज्युनियर कॉलेजातून रिटायर झालेत, घराच्या वरच्या मजल्यावर पत्र्याच्या खोलीत शिकवतात. नाव आणि नंबर इथं टाकत नाही कारण सरांनीच नको म्हणलंय, एका बॅचला २८ च्या वर लेकरं ते घेत नाहीत आणि जाहिरात केली तर नाही म्हणताना त्यांना अवघड जातं. ट्युशन एरियात ओळखीच्या कुणालाही विचारा, सापडतात.

पहिल्या दिवशी सरांनी मला फी विचारली नाही, मार्क विचारले नाहीत. एक कोरा कागद दिला आणि म्हणले, "माय, व्हेक्टर झालंय ना तुझं? वही पिशवीत ठेव आणि ह्याच्यावर जेवढं येतंय तेवढं लिही. पंधरा मिनिटं." मी चार ओळी लिहिल्या. स्केलर, व्हेक्टरची व्याख्या आणि एक अर्धवट आकृती. सरांनी कागद बघितला, रागावले नाहीत, म्हणले, "ह्या चार ओळी तुझ्या. बाकीचं सगळं वहीचं." माझा दोन महिन्यांचा गोंधळ त्या एका वाक्यात मोकळा झाला बघा. कळणं वेगळं आणि येणं वेगळं. दुसऱ्यानं सोडवलेलं गणित बघताना कळतंच, कारण पुढची स्टेप तोच दाखवत असतो, आपल्याला कुठंच निवड करावी लागत नाही. पेपरात निवड आपल्याला करावी लागते आणि त्याची सवय फक्त वही बंद करून, चुकत चुकत सोडवल्यानंच लागते.

सरांचा सगळा क्लास ह्याच एका गोष्टीवर उभाय. सकाळी साडेसहाला सुरू, आठला संपतो. आल्या आल्या पंधरा मिनिटं कोरा कागद, काल जे झालं ते आठवून लिहायचं, वही-पुस्तक बंद. मग वही उघडून जे राहिलं ते लाल पेननं त्याच कागदावर भरायचं. लाल किती आणि निळं किती हे स्वतःलाच दिसतं, मार्क कुणी देत नाही. नंतर अर्धा-पाऊण तास सर शिकवतात आणि उरलेला वेळ गणितं, तेव्हा सर फळ्याजवळ थांबतच नाहीत, बाकांमधून फिरतात आणि प्रत्येकाच्या वहीत डोकावतात. शनिवारी आठवड्याभराचा कागद आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी तीन-चार धड्यांची गणितं मिसळून देतात, वर धड्याचं नाव नसतं, त्यामुळं आधी हे कशाचं गणित आहे हेच ओळखावं लागतं. सुरुवातीला मला ह्या मिसळीत कमी मार्क पडायचे आणि वाटायचं ह्यापेक्षा एका धड्याची पन्नास गणितं लागोपाठ केलेली बरी. पण लागोपाठ करताना फॉर्म्युला आधीच माहीत असतो, नुसते आकडे टाकायचे राहतात, खऱ्या पेपरात तसं कुणी सांगत नाही.

सरांनी आम्हाला एकदा ह्याच्यामागचा प्रयोग पण सांगितला होता. रोडिगर आणि कार्पिके म्हणून दोन अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ, २००६ साली त्यांनी मुलांना एक उतारा दिला, काहींनी तो चार वेळा वाचला आणि काहींनी एकदा वाचून तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते. पण आठवड्यानं विचारलं तेव्हा नुसतं वाचणाऱ्यांना सरासरी ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. हे ऐकून मला माझी रंगीत वही आठवली. रात्री वाचताना सगळं येतंय असं वाटायचं ते खोटं नव्हतं, पाच मिनिटांपुरतं खरंच येत होतं, टेस्ट मात्र आठवड्यानं असायची.

आता घरी करणाऱ्यांसाठी, ह्याला काहीच लागत नाही. पाठकोरे कागद, एक पेन. धडा वाचला की त्याच दिवशी एकदा, मग दोन-तीन दिवसांनी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं असं न बघता लिहून बघायचं. पहिल्या वेळी लई वाईट वाटतं, डोकं रिकामं झाल्यासारखं होतं, तिथं सोडायचं नाही, निदान दहा मिनिटं त्या कोऱ्या कागदाशी झटायचं आणि मगच पुस्तक उघडायचं. माझ्या दोन मैत्रिणी पाचव्या मिनिटाला पुस्तक उघडायच्या, त्यांना फायदा झाला नाही.

क्लासमधलं मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे कुलपाचा प्रयोग. पहिल्याच धड्यात, युनिट्स अँड मेझरमेंटमध्ये, डायमेन्शन येतात, मास, लेंथ, टाइम. मला ते निव्वळ कंसांचा खेळ वाटायचं. सरांनी खोलीच्या आढ्याला दोरा बांधला आणि त्याला दाराचं जुनं पितळी कुलूप अडकवलं. म्हणले, हे एकदा जाऊन परत यायला जो वेळ लागतो तो कशा-कशावर असंल? कुणी म्हणलं कुलपाच्या वजनावर, कुणी दोऱ्याच्या लांबीवर, कुणी म्हणलं किती लांब ओढून सोडलं त्याच्यावर. मग सर म्हणले आता डायमेन्शन लिहा, लांबी (मीटर) आणि जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचं त्वरण (मीटर भागिले सेकंदाचा वर्ग), ह्यांच्यातून सेकंद कसा निघतो ते बघा. लांबी भागिले जी केलं की मीटरला मीटर कटतो आणि सेकंदाचा वर्ग उरतो, वर्गमूळ घेतलं की सेकंद. वस्तुमान टाकायला जागाच उरत नाही, किलोग्रॅम कटायला दुसरा किलोग्रॅमच नाही. मग एका मोठ्या कुलपाच्या जागी बारकं कुलूप लावून बघितलं, लांबी तेवढीच धरून, वेळ तेवढाच आला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे कागदावरचं खरं असतंय.

पुढं सरांनी प्रत्येकाला घरी करून आणायला सांगितलं. मी मावशीच्या घरी लोखंडी कॉटला दोरा बांधता येईना म्हणून दाराच्या चौकटीच्या खिळ्याला बांधला, मोबाईलचं स्टॉपवॉच लावलं. एक झोका मोजायचा नाही, वीस मोजायचे आणि वीसनं भागायचं, कारण आपलं बोट दाबायला जो थोडा उशीर होतो तो वीस ठिकाणी वाटला जातो. वीस झोक्यांना ४० सेकंद लागले म्हणजे एकाला २. दोरा मी टेपनं मोजला, ९५ सेंटीमीटर. फॉर्म्युल्यात (चार गुणिले पायचा वर्ग गुणिले लांबी, भागिले एका झोक्याच्या वेळेचा वर्ग) टाकून जी काढला तर ९.३८ आला. तीनदा केलं, तेवढाच. मी पुस्तकात ९.८ आहे म्हणून वहीत गुपचूप ९.८ लिहून नेलं. सरांनी माझ्या मोजमापाचे आकडे बघितले, आकडेमोड केली आणि म्हणले, "ह्याच्यातून ९.८ येत नाही माय. काय आलं होतं खरं?" मी सांगितलं ९.३८. मला वाटलं आता सगळ्यांपुढं बोलणार. तर ते म्हणले हे लई चांगलं उत्तर आहे, आता दोरा कुठपर्यंत मोजलास ते दाखव. मी कडीपर्यंत मोजला होता. कुलपाचा जीव तर खाली मध्यात आहे, तिथपर्यंत मोजलं तर ९९ सेंटीमीटर भरलं. आणि ९९ टाकलं की ९.७७. चार सेंटीमीटरचा खेळ होता. तेव्हापासून मी कधीच उत्तर पुस्तकाकडं बघून लिहिलं नाही, प्रॅक्टिकलला पण नाही. बोर्डात फिजिक्सचे १०० पैकी ३० मार्क प्रॅक्टिकलचे असतात आणि बरीच पोरं रीडिंग एकमेकांची उतरवतात, मार्क भेटतात पण शिकायचं ते राहून जातं. चुकीचं आलेलं उत्तर खोडू नका, ते का आलं हे शोधा, त्याच्यात अर्धा धडा असतो.

दुसरी गोष्ट लॉग टेबल, म्हणजे लॉगरिदमचे तक्ते. बोर्डाच्या पेपरला कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, आणि अकरावीत ते पहिल्यांदा हातात येतं. मोठ्या क्लासला ते दहा मिनिटांत उरकलं होतं, घरी बघून घ्या म्हणले होते. सरांनी त्याला अख्खे दोन दिवस दिले आणि सुरुवात किल्लारीपासून केली. आमच्या बॅचमधी निम्मी लेकरं औसा, निलंगा, उमरगा ह्या भागातली, प्रत्येकाच्या घरात ३० सप्टेंबर १९९३ ची गोष्ट आहे. माझ्या आजीचं माहेर त्याच बाजूचं. आजी सांगते, अनंत चतुर्दशीची रात्र होती, गणपती बुडवून लोकं दमून झोपले होते आणि पहाटे चारच्या आत सगळं खाली आलं. बावन्न गावं उद्ध्वस्त झाली, हजारो माणसं गेली. सरांनी फळ्यावर लिहिलं ६.२, ही त्या भूकंपाची तीव्रता, आणि बाजूला लिहिलं ४.२. विचारलं, किती पट मोठा? आम्ही म्हणलो दीडपट. सर म्हणले, ही मोजपट्टी लॉगची आहे, एक अंक वाढला की जमिनीचं हालणं दहा पट आणि बाहेर पडणारी ऊर्जा साधारण ३२ पट. दोन अंक म्हणजे हालणं शंभर पट आणि ऊर्जा जवळपास हजार पट. खोली एकदम गप्प झाली. मी ते घरी गेल्यावर आजीला सांगितलं, आजीला लॉग माहीत नाही, पण हजार पट म्हणल्यावर ती नुसती मान हालवत बसली आणि म्हणली, असंलच.

लॉगचं काम एवढंच की गुणाकाराची बेरीज होते आणि भागाकाराची वजाबाकी. पण हातानं करताना सगळ्यांची चूक एकाच ठिकाणी होते, एकपेक्षा लहान आकड्याला. मघाचं कुलपाचं गणितच घ्या, ३९.४८ (म्हणजे चार गुणिले पायचा वर्ग) गुणिले ०.९९ भागिले ४. पहिल्याचा लॉग १.५९६४. ०.९९ चा लॉग टेबलमधी ९९५६ दिसतो पण पुढं बार वन असतं, म्हणजे उणे एक अधिक ०.९९५६, ते बार विसरलं की उत्तर शंभर पट चुकतं. दोन्हींची बेरीज १.५९२०, त्यातून चारचा लॉग ०.६०२१ वजा केला की ०.९८९९, त्याचा अँटिलॉग, म्हणजे लॉगवरून परत काढलेला आकडा, ९.७७. सर म्हणायचे बार लिहिताना पेन जरा दाबूनच ओढा. मला आजही बार दाबून लिहायची सवय आहे. आणखी एक, टेबल उघडायच्या आधी मनातल्या मनात अंदाज करायचा, चाळीस गुणिले एक भागिले चार म्हणजे दहाच्या आसपास, मग उत्तर ९७७ आलं तर लगेच कळतं. ही अंदाजाची सवय सीईटीला (राज्याच्या प्रवेश परीक्षेला) लई उपयोगाला आली, तिथं चारपैकी दोन पर्याय नुसत्या अंदाजानं उडतात.

आता मराठी मिडीयमवाल्यांसाठी, कारण आमची भीती इंग्रजीची असते, फिजिक्सची नसते. पहिला महिना मला मोमेंटम म्हणलं की डोक्यात काहीच यायचं नाही आणि संवेग म्हणलं की सगळं यायचं. सरांनी एक बारकी वही करायला लावली, डाव्या बाजूला इंग्रजी शब्द देवनागरीत आणि इंग्रजीत, उजवीकडं दहावीचा मराठी शब्द, खाली आपल्या भाषेत एक ओळ. डिस्प्लेसमेंट म्हणजे विस्थापन, स्पीड चाल, व्हेलॉसिटी वेग, अॅक्सलरेशन त्वरण, इनर्शिया जडत्व, रिफ्रॅक्शन अपवर्तन, रेझिस्टन्स रोध. दीडशेच्या आसपास शब्द झाले असतील, दिवाळीपर्यंत तीच वही मागं पडली, गरजच राहिली नाही. दहावीपर्यंतचं मराठीतलं विज्ञान वाया जात नाही हो, ते नुसतं दुसऱ्या नावानं समोर येतं. पण मास आणि वेट मात्र जपून. आपण आडतीवर सोयाबीनचा कट्टा ६० किलो वजनाचा म्हणतो, फिजिक्समधी ते ६० किलो वस्तुमान आहे, वजन म्हणजे बल, साधारण ५८८ न्यूटन. आण्णांना, म्हणजे माझ्या वडलांना, हे सांगितलं तर ते म्हणले मग पावतीवर न्यूटन लिहायला सांगू का, पण मला ते एकदा कट्ट्यावर कळल्यापासून पेपरात कधी चुकलं नाही.

चुकांच्या वहीबद्दल थोडक्यात. प्रत्येक टेस्टनंतर चुकलेलं गणित उतरवायचं आणि पुढं एका शब्दात कारण लिहायचं: चिन्ह, एकक, घाई, आकृती काढली नाही, किंवा मुळातच कळलं नाही. दोन महिन्यांनी मी माझी वही चाळली तर निम्म्या चुका आकृती न काढल्याच्या होत्या. मला वाटायचं माझं गणित कच्चं आहे. ते कच्चं नव्हतंच. मग आकृतीशिवाय पेन चालवायचं नाही असा नियम केला आणि पुढच्याच टेस्टला २५ पैकी १७ आले.

क्लासच्या कमतरता पण सांगायला पाहिजेत. खोलीला पत्रे आहेत, एप्रिल-मेमधी सकाळी आठलाच तापतात, दोन पंखे आहेत पण लाईट गेली की नाही. छापील नोट्स मिळत नाहीत, सर देतच नाहीत, स्वतःच्या स्वतः काढायला लावतात, ज्यांना तयार मटेरियल पाहिजे त्यांना हे जड जाईल. आमच्या पुस्तकात चौदा धडे होते, पहिले सात-आठ सरांनी इतके निवांत घेतले की शेवटचे धडे, सेमीकंडक्टर विशेष करून, फेब्रुवारीत घाईत झाले, माझं सेमीकंडक्टर आजही कच्चं आहे आणि हे मी सरांना तोंडावर सांगितलंय, ते म्हणले बरोबर आहे, पुढच्या वर्षी बदलतो. फक्त फिजिक्स आहे, केमिस्ट्री आणि बायोला दुसरीकडं जावं लागतं, त्यात सकाळची धावपळ होते. आणि नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, सराव इथं पुरेसा होत नाही. नीटला १८० प्रश्न, त्यात फिजिक्सचे ४५, चुकलं की एक मार्क कापतात, तो वेगाचा सराव वेगळा करावा लागतो, सरांकडं पाया होतो पण वेग होत नाही. मी बारावीत त्याच्यासाठी टेस्ट सिरीज वेगळी लावली. ज्यांना सीईटी आणि बोर्ड करायचंय त्यांना मात्र हा क्लास पुरतो. आणि अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष असं जे सांगतात त्यांचं ऐकू नका, सीईटीत साधारण २० टक्के भाग अकरावीचा असतो आणि नीटला तर दोन्ही वर्षं सारखीच.

उशीर चालत नाही. साडेसहानंतर दार लावतात, मला दोनदा पायरीवर बसावं लागलं, पण सरांच्या घरच्या काकू आतून चहा आणून द्यायच्या आणि पायरीवर बसून कागद लिहायला लावायच्या. मुलींसाठी सांगते, बॅचमधी आम्ही अकरा मुली होतो, काकू घरात असतात, वर जायचा जिना घराच्या आतून आहे, मावशीला त्याची कधी काळजी वाटली नाही. हिवाळ्यात साडेसहाला अंधार असतो तेव्हा चौघी-पाच जणी मिळून जायचो.

फी आमच्या वेळी वर्षाला १२ हजार होती, चार हप्त्यात. पहिल्या क्लासला भरलेल्यापैकी काही परत मिळालं नाही, ते पैसे गेल्याचं आण्णांनी मला कधी बोलून दाखवलं नाही पण मला माहितीय त्या साली सोयाबीनला भाव नव्हता. म्हणून पालकांना हात जोडून सांगते, वर्षाची फी एकदम भरू नका, आधी लेकराला दोन-तीन दिवस बसू द्या. आणि बसल्यावर फक्त हे बघा की त्या तासात आपलं लेकरू स्वतः किती मिनिटं पेन चालवतंय. सर किती छान बोलतात ह्याच्यावरून ठरवू नका. मोठ्या क्लासला सुद्धा ज्या लेकरांचं झालं ती बहुतेक घरी जाऊन वही बंद करून सोडवणारीच होती, हे मला नंतर कळलं.

गटानं अभ्यास पण सरांनी लावून दिला होता, तिघी-तिघींचा गट, एकीनं दुसरीला शिकवायचं. आम्ही सकाळी क्लास सुटला की कोपऱ्यावरच्या गाड्यावर सुशीला (मुरमुऱ्यांचा नाश्ता) खायचो आणि तिथंच एकमेकींना विचारायचो, काल काय झालं ते न बघता सांग. शिकवताना जिथं आपण अडखळतो तिथं आपल्यालाच कळलेलं नसतं, हे तिथं रोज दिसायचं. माझी एक मैत्रीण परभणीकडची, तिकडं 'का' ला कामून म्हणतात, ती मला मधेच थांबवून विचारायची, "कामून पण? असं कामून होतं?" आणि मला उत्तर देता यायचं नाही. तिच्या कामूनमुळं माझा फ्रिक्शनचा धडा पक्का झाला.

माझा शेवटचा अकरावीचा पेपर ७० पैकी ५८ चा होता. कुणाला हे जास्त वाटणार नाही, लातुरात तर नाहीच, पण २५ पैकी ६ वाल्या मुलीला ते पुरेसं होतं. पाचपैकी चार स्टार देते, एक सेमीकंडक्टरचा आणि उन्हाळ्यातल्या पत्र्यांचा कापला.

नवीन बॅच जूनच्या तिसऱ्या आठवड्यात बसते. जाताना पाठकोरे कागद, लॉग टेबल आणि दहावीचं मराठी विज्ञानाचं पुस्तक घेऊन जा, ते रद्दीत दिलं असंल तर कुणाचं तरी मागून घ्या. माझा भाऊ ह्या वर्षी जाणार आहे, त्यानं आत्ताच मावशीच्या दाराच्या खिळ्याला दोरा बांधलाय आणि कडीपर्यंतच मोजलाय, मी अजून त्याला काही सांगितलेलं नाही.